टाकीचा ताप

वृद्धाश्रमात त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव बायकोनेच ठेवलेलं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, आणि ते इतकं चपखल बसलं की पगाराच्या दिवशी कुणी त्याचं खरं नाव पुकारलं, तर तो स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघे. उमेदीची सगळी वर्षं ट्रकवर गेली. मग मणक्याने दगा दिला, डॉक्टरांनी लांबच्या फेऱ्या बंद केल्या, आणि बायको जिथे स्वयंपाकघर सांभाळायची त्याच आश्रमात त्याला बायोगॅसच्या टाकीवर काम मिळालं. ट्रक सुटला, पण पाय काही थाऱ्यावर आले नाहीत.

काम तसं सोपं होतं. सकाळी उष्टं-खरकटं, भाज्यांची सालं आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण पाण्यात कालवून टाकीत सोडायचं. आत डोळ्यांना न दिसणारे जंतू ते खात आणि गॅस सोडत. गॅस रबराच्या मोठ्या फुग्यात साठे आणि तिथून नळीने शेगड्यांपर्यंत जाई. टाकीभोवती गरम पाण्याची वेटोळी होती, कारण त्या जंतूंना अंगाला सोसेल इतकी ऊब लागे, साधारण माणसाच्या अंगात असते तेवढी. पाण्याचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करायचा, काटा बघायचा, बाकी टाकीचं टाकी बघून घेई. त्याला नेमकं तेच सहन होत नसे. तो टाकीला फेऱ्या घाली, पत्र्यावर टिचक्या मारी, आणि काडेपेटीतली काडी चावत पुन्हा काट्यापाशी येई.

त्या वर्षी थंडीने कहर केला. वारा असा बोचरा की आजी-आजोबा दुपारीही खोलीबाहेर पडेनात. टाकीचा काटा घसरत घसरत अठ्ठावीसवर आला, फुगा सुरकुतला, आणि शेगडीची आच मंदावली.

"अहो, सकाळी ठेवलेलं दूध दुपारच्या चहाला उकळेल असं दिसतंय," बायको खिडकीतून ओरडली. "आणि अंघोळीचं पाणी? आजोबा लोक टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे आहेत. मी त्यांना काय सांगू?"

मागोमाग व्यवस्थापक आले. तसा सज्जन माणूस, पण कपाळावर कायम आठी. "असंच चालणार असेल तर मला सिलिंडर लावावे लागतील," ते म्हणाले. "मग या टाकीचं काय करायचं ते बघू."

टाकीचं काय करायचं म्हणजे आपलंच काय करायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही. टाकी बसवून देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ऊब वाढवायची तर हळूहळू, दिवसाला एखाद-दोन अंशच. पण चढावर गाडी दमली तर काय करायचं, हे त्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं, असं त्याला वाटलं. त्याने वेटोळ्यांचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरमध्ये लाकडं कोंबली आणि व्हॉल्व्ह होता तेवढा उघडला.

दुसऱ्या दिवशी काटा पन्नाशीला भिडला. फुगा टम्म फुगला. शेगड्या भणाणून पेटल्या, सगळ्यांना कढत पाणी मिळालं, आणि व्यवस्थापकांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच उलगडली. भिंगरी दिवसभर शीळ घालत हिंडला. येईल त्याला टाकी दाखवली, गोठ्यातल्या गवळ्यालाही बोलावून दाखवली.

हे सुख काही टिकलं नाही. एका सकाळी बायकोने शेगडीला काडी लावली, ज्योत फुर्रकन उडाली आणि विझली. दुसरी काडी, तिसरी काडी. नळीतून फसफस गॅस येत होता, फुगा तर फुटेल की काय असा ताणलेला, पण शेगडी पेटेना. तो टाकीपाशी गेला तर झाकणाच्या कडेने फेस येत होता आणि रोजच्या शेणाच्या वासाऐवजी नासलेल्या दह्यासारखा आंबूस दर्प.

त्याने बाईंना फोन लावला. बोलताना जागेवर उभं राहवेना. टाकीला फेऱ्या घालत, धापा टाकत त्याने सगळं सांगून टाकलं.

"काका, काटा किती दाखवतोय?"

त्याने आकडा सांगितला. बाईंनी तो पुन्हा एकदा वाचून घेतला.

"ऐकताय ना? आत दोन तऱ्हेचे जंतू आहेत," त्या म्हणाल्या. "एक खरकट्याचं आम्ल करतात. दुसरे त्या आम्लाचा जळणारा गॅस करतात. हे दुसरे फार नाजूक. एकदम इतकी उष्णता त्यांना झेपत नाही. ते मेले, आणि पहिले मात्र आम्ल करतच राहिले. फुग्यात जे भरलंय ना, त्यात जळण्यासारखं फारसं काही नाही."

"मग आता व्हॉल्व्ह बंद करतो. लगेच गार करतो."

"नाही!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "लगेच काही करू नका. रोज थोडं थोडं खाली आणा. टाकीत खरकटं-शेण काहीही घालू नका. चांगल्या चाललेल्या टाकीतली स्लरी, म्हणजे आतला शेणकाला, विरजणासारखी घालावी लागेल, आमची एक टाकी एका डेअरीत आहे, तिथे मी सांगून ठेवते. आणि मग थांबा."

"थांबा म्हणजे?"

"थांबा म्हणजे थांबा, काका."

आश्रमात सिलिंडर आले. व्यवस्थापकांनी ते स्वतः मोजून घेतले. जेवताना भिंगरीची मान वर होईना. हात मात्र व्हॉल्व्हकडे आपोआप जाई. सकाळी किंचित कमी करायचा, दुपारी वाटायचं फारच झालं, मग पुन्हा किंचित उघडायचा. एकदा बायकोने त्याला रंगेहाथ पकडलं. पदराला हात पुसत ती आली, व्हॉल्व्हचं लोखंडी चाक पान्याने काढलं आणि पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवलं.

"अगं, ते माझं काम आहे!"

"तुमचं काम बाईंनी सांगितलंय. काही न करणं. सकाळी एकदा येऊन चाक मागा, मी देईन, फिरवा आणि परत द्या."

तो तणतणला, पण रोज सकाळी पोरासारखा हात पुढे करून उभा राहू लागला.

डेअरीत जायचा दिवस उजाडला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. काहीतरी करायला मिळालं होतं. भाड्याच्या टेम्पोत पिंपं चढवली. डेअरीतून कोमट स्लरी भरून निघाला आणि वाटेत भलतीच धास्ती बसली: हे सगळं गार पडलं तर? वारा हाडांत शिरत होता. त्याने स्वतःचा कोट काढून एका पिंपाला गुंडाळला, ड्रायव्हरची सतरंजी मागून दुसऱ्यावर टाकली, आणि तरी चैन पडेना म्हणून मागे जाऊन पिंपांना टेकून बसला.

"काका, आत या, गारठून मराल!" ड्रायव्हर ओरडला.

"तू गाडी चालव. आणि खड्डे बघ जरा!"

आश्रमात पोचला तेव्हा दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. बायकोने त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि पिंपांना हात लावून बघितला. पिंपं अजून कोमट होती.

स्लरी टाकीत गेली. आणि मग खरंच थांबायचं उरलं. ते दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कुंपण रंगवलं. खुर्च्यांचे डुगडुगते पाय ठोकले, ज्या डुगडुगत नव्हत्या त्यांचेही. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी, ज्यांनी जन्मभर शिवणकाम केलं होतं, त्याला हाक मारली.

"अरे, तू सारखा दारावरून जातोस, माझी सुईत दोरा ओवताना तंद्री मोडते. आत ये. काय पाहिजे तुला?"

"काही नाही, आजी. पाइप उघडे आहेत, गार पडतात."

"मग मापं आण की."

आजींनी जुन्या घोंगड्यांच्या खोळी शिवल्या, त्याने त्या गरम पाण्याच्या पाइपांना आणि टाकीच्या पोटाला गच्च बांधल्या. टाकी एखाद्या आजारी म्हशीसारखी दिसू लागली. येणारे-जाणारे हसत. तो हसला नाही.

हळूहळू आंबूस वास विरला, फेस बसला. बाई येऊन तपासून गेल्या आणि म्हणाल्या, बघा लावून काडी. बायकोने काडी ओढली. ज्योत लागली, निळी, आधी थरथरती, मग ठाम. तिने वर दुधाचं पातेलं ठेवलं. त्याला आनंद झाला, पण विश्वास बसेना. दूध वर येईपर्यंत तो शेगडीपाशी वाकून बघत राहिला, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

"गेलं ना! अहो, दुधाकडे बघायचं सोडून आगीकडे काय बघत बसलात?"

थंडी ओसरली. सिलिंडर परत गेले. चाक त्याला परत मिळालं, पण आता ते फिरवताना तो बायकोला हाक मारून आकडा मोठ्याने वाचून दाखवी. याच सुमारास दूरच्या शहरातून लेकीचा फोन आला. नवं घर घेतलं होतं, दोघांनी येऊन राहावं असा तिचा आग्रह. बायकोने बॅग भरली. त्याचे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले.

"मी नाही येत," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"परत गारठा पडला तर? त्या गवळ्याच्या भरवशावर टाकी सोडू?"

"उन्हाळा तोंडावर आलाय."

"मग जास्तच तापेल."

"अख्खा जन्म मी म्हणत आले, घरी टिका. एक दिवस टिकला नाहीत," तिचा आवाज चढला. "आणि आता पोरीकडे जायचं तर तुम्हाला शेणाचं पिंप सोडवत नाही?"

तिने त्याचे शर्ट बॅगेतून काढून खाटेवर टाकले. तो तिला बसपर्यंत पोचवायला गेला, बॅग वर चढवली, खिडकीशी उभा राहिला. "पोचलीस की फोन कर," असं दोनदा म्हणाला. ती बराच वेळ रागात होती, मग तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. बस हलली. वळणाआड जाईपर्यंत थांबावं असं त्याच्या मनात होतं. पण ऊन चढत होतं, सकाळपासून काटा बघितला नव्हता, आणि बस अजून दिसत असतानाच तो आश्रमाच्या दिशेने झपाझप चालू लागला.