पोरींची मॅच

डोणगावच्या बाजारात मी ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्यांचा मोबाइल फुलकोबीच्या ढिगाला टेकवलेला असतो आणि त्यावर मॅच चालू असते. वांगी तोलता तोलता त्या गोलंदाज मुलीला दटावतात, "आखूड काऊन टाकून राह्यली वं?"

महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हा मोबाइल ऐन वेळी बंद पडला. मावशी दुकान तसंच सोडून समोरच्या चहाच्या हॉटेलात शिरल्या. मी तिथंच चहा पीत होतो. टीव्हीवर सिनेमा चालू होता.

"मॅच लाव बे," मावशी हॉटेलच्या तरुण मालकाला म्हणाल्या.

"पोरीइची मॅच कोण पाह्यते, मावशी?"

"मी आहो ना पाहाले!"

आणि एरवी बायका जिथं कधीच बसत नाहीत, त्या टीव्हीसमोरच्या बाकावर त्या ऐसपैस बसल्या. मालकानं चॅनल बदललं. थोड्याच वेळात सगळं हॉटेल त्यांच्याभोवती गोळा झालं आणि मालकच विचारू लागला, "मावशी, जिंकू ना आपण?"

"हाव, जिंकतोच."

समोरच्या संघाची शेवटची विकेट पडली, एकच ओरडा झाला. तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक भाजी मागू लागलं. मावशींनी मानही वळवली नाही.

"थांबा जरा. पोरीइनं कप उचलल्याबिगर मी उठत नाही."

मग मीच उठलो आणि त्यांच्या दुकानावर जाऊन बसलो.