सूर्याच्या खानावळीतलं राखीव टेबल

हे गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवते. समोरची रिकामी खुर्ची बघवत नाही. पण जुन्या बाजाराच्या गावांमधल्या खानावळी बघत फिरायचं आमचं दोघांचं ठरलं होतं, म्हणून शनिवारी एकटीच निघाले. कार्ल्सरूहेला शिकणाऱ्या लेकीला फोन केला, तर तिने नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच विचारलं, एकटी? आणि जेवणार कुठे? खरी धास्ती मलाही तीच होती.

आमच्या झिंडेलफिंगेनहून निघून श्टुटगार्टला गाडी बदलायची. महिन्याचा पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. गाव छोटंसं. एके काळी इथे गुरांचा बाजार भरायचा, तेव्हा चौकाभोवती खानावळीच खानावळी होत्या. वर निजायच्या खोल्या, मागे घोड्यांचे तबेले. वाचता न येणाऱ्यांसाठी दारावर लोखंडी चिन्हं: बैल, कोकरू, सूर्य. ती अजून लटकतात. बैलाखाली आता दातांचा डॉक्टर बसतो, कोकराखाली डोनर कबाबवाला. हे असते तर यावर दिवसभर माझं डोकं खाल्लं असतं. मी एकटीच हसले आणि ओशाळून इकडेतिकडे बघितलं.

चालू आहे ती फक्त सूर्याची. सोमवारी बंद असते, रोख पैसे जवळ ठेवा, आणि शाकाहाऱ्यांनी चीज घातलेले श्पेट्झ्ले, म्हणजे इकडच्या जाडसर शेवया, मागवावेत. खिडकीजवळचं मोठं गोल टेबल रिकामं बघून मी बसले. मालकीणबाईंनी हळूच सांगितलं की हे श्टामटिश आहे, नेहमीच्या मंडळींसाठी कायमचं राखीव. पर्स उचलून कोपऱ्यात जाताना डोळे भरून आले. सरळ घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात एक आजोबा आले. बोटं मुडपून त्या रिकाम्या टेबलावर दोनदा टकटक केली आणि बसले. भोवती कितीतरी खुर्च्या, माणूस एकच. जरा वेळाने माझ्याकडे वळले.

"या इकडे. नाहीतर आपण दोघंही भिंतीकडे बघत जेवू."

टकटक कशाला, मी विचारलं. बाजाराच्या दिवशी एवढ्या जणांशी हात कोण मिळवणार, म्हणून टेबल वाजवून सगळ्यांना एकदम नमस्कार, असं ते म्हणाले.

"पण आता तर कोणीच नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण मी आलोय हे त्यांना कळायला नको?"

मग श्पेट्झ्ले निवेपर्यंत ते आपल्या गेलेल्या मित्रांबद्दल बोलत राहिले आणि मी आमच्या यांच्याबद्दल.

घरी आल्यावर वरणभात केला. ताट ओट्यावरून उचलून टेबलापाशी नेलं. यांच्या खुर्चीसमोर दोनदा टकटक केली.

"अहो, आले मी," म्हटलं, आणि बसून जेवले.