माळावरच्या झोपडीचं दार

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीसुद्धा धड नाही. तुमच्यापाशी बोलते. अडखळले तर अडखळू द्या.

सोलापुरात प्लेग आला, घराघरांत उंदीर पडायला लागले, तशी आमची आळी गावाबाहेर माळावर तट्ट्याच्या झोपड्यांत राहायला गेली. पुरुष दिवसभर गिरणीत. आमची झोपडी पार टोकाला; मागे मी, अंगावर पिणारी माझी चंद्री, आणि थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. नवी नवरी होते तेव्हा माझ्या भाकरी तुटायच्या. त्या तुटक्या भाकरी आक्का गुपचूप आपल्या ताटात घ्यायची. अशी बाई!

एका सकाळी पुरुष कामाला गेले, आणि आक्काच्या काखेत गाठ दिसली. दुपारपर्यंत ती तापात बरळायला लागली. पाणी मागत, धडपडत माझ्याकडे येत होती — आणि माझ्या कडेवर चंद्री. मी काय केलं असेल?

पळाले. माहेरी.

नुसती पळाले असते तर — लेकरापायी पळाली, अशी मनाची समजूत तरी घातली असती. पण निघताना मी दार ओढलं आणि बाहेरून सुंभानं आवळून बांधलं. ती मागे येऊ नये म्हणून. आतून ती दार हलवत होती, माझं नाव घेत होती. ऐकू येत नव्हतं का मला? येत होतं.

मेंढरं राखणाऱ्या एका म्हातारीनं त्या हाका ऐकल्या. सुंभ कापून तिनं आक्काला पाणी पाजलं. गाठ फुटली, आक्का वाचली.

पुढे नवरा मला न्यायला आला, म्हणून मी परतले. झोपडीपुढे बायका जमल्या होत्या. म्हातारीनं सगळ्यांदेखत विचारलं, "दार भाईरनं कुनी बांदलं व्हतं गं?"

मी चंद्रीचं टोपडं सारखं करत राहिले. आतून आक्काचा आवाज आला, क्षीण — "मीच बांदाय लावलं की तिला. तापाच्या भरात कुटं जाऊन पडले असते. पोरीला घिऊन जा, म्हनलं."

"लई शानी हाय धाकटी," बायका म्हणाल्या.

आणि मी मान हलवली.

जिला मरायला टाकलं, तिनंच आपल्यावर पदर घालावा — कुठून येतं हे माणसात? मला वाटायचं, दुखण्यानं जीव कडू होतो. तिचा झाला नाही. पुढच्या साथीत शेजारची तेलुगू विणकरीण तापली, तेव्हा मी तिच्या उशाशी बसले. धीट झाले होते म्हणून नव्हे. भीतीनं कापतच बसले. ती वाचली नाही. पण एकटी गेली नाही.

आक्काला एकदा म्हणाले, "आक्का, त्या दिशी —"

"आदी पीठ मळ. पोरगी भुकेली हाय," ती म्हणाली. हसून.

तिनं मला काहीही सांगितलं नव्हतं. दार मी माझ्या मनानं बांधलं.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी उन्हात बसून मी तिच्या केसांना तेल लावते. ती डोळे मिटते आणि सगळं डोकं माझ्या हातांवर टाकून देते, झोप लागल्यासारखी.