अक्काचा अळणी नेम

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांचं बोलणं घरच्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. तेवढ्याशा आधारावर एका शस्त्रक्रियेबद्दल लिहायला बसलोय. चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

आई गेल्यावर मला थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. तिला मधूनच झटका यायचा. डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, घामानं लुगडं भिजायचं. आमच्या गावी, मंद्रूपला, लोक म्हणत, अंगात येतं. सोलापूरच्या इस्पितळात कळलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे आणि तीच रक्तदाब भडकवते.

“गोळ्यांनी प्रेशर खाली आणलंय,” डॉक्टर म्हणाले. “पण गाठ निघाली की ते एकदम कोसळतं. त्याआधी अंगात पाणी भरलेलं हवं. भरपूर पाणी द्या तिला, आणि ते अंगात टिकावं म्हणून मीठही.”

मी अक्काला सांगितलं. ती हसली. “आमटी जरा खारट झाली की ताट सरकवणारा तू, आता मला मीठ खा म्हणतोस व्हय रे?”

“खाशील ना?”

“खाते की. तू जा, अभ्यास कर.”

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं. मी वडिलांशेजारी, अप्पांशेजारी, बाकावर बसलो. आतल्या यंत्रातला पारा आता कुठवर चढला असेल, एवढंच मनात घोळत होतं.

“घोर लावून घेऊ नको,” अप्पा म्हणाले. “आपरेशन नीट व्हावं म्हणून पोरीनं लई कडक नेम धरलाय. हितं आल्यापासनं मिठाचा कण न्हाय तोंडात. मीच अळणी भाकरी आणत होतो. पाणीबी घोटभरच. तू चिडशील म्हणून सांगू दिलं न्हाय तिनं.”

“अप्पा, डॉक्टरांनी मीठ खायला सांगितलं होतं!”

“नेमाला मीठ चालतंय व्हय? डाक्टरला काय ठावं त्यातलं?”

मी उठून दार ठोठावलं. नर्सनं सगळं ऐकून घेतलं आणि ती घाईनं आत गेली. अप्पा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून डोळे मिटून बसले. मला ते जमेना.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याशीच बोलले. गाठ पूर्ण निघाली होती. मग प्रेशर कोसळलं. सलाईन, रक्त, इंजेक्शनं, सगळं दिलं. ते पुन्हा वर आलं नाही.

अप्पांनी माझी बाही ओढली. “काय म्हणत्यात? निघाली का गाठ?”

“निघाली, अप्पा,” मी म्हणालो. “अक्का ऱ्हायली न्हाय.”