कवळीवाल्यांना जामीनदार हवा

शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित हसण्यांमागे कवळीवाल्यांचा हात होता. सराफ, वकील, निवृत्त मुख्याध्यापक असे सगळे त्यांनी केलेल्या दातांनी हसत, चावत आणि भांडत. ही गोष्ट गावभर करायची सोय नव्हती, कारण कवळी लावणाऱ्या माणसाला आपले दात आपलेच आहेत असं जगाला वाटायला हवं असतं. कवळीवाले याबाबत पक्के होते. बायकोलाही त्यांनी कधी कुणाचं नाव सांगितलं नाही. अर्थात तिला सगळी नावं ठाऊक होती, तो भाग वेगळा.

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे त्यांचं काम चाले. मधल्या दाराला पडदा. कवळी छान बसली की पेशंट पुढच्या खोलीत डॉक्टरांचे आभार मानून निघून जाई, आणि टोचली की पडदा सरकवून थेट मागे येई. आपल्या मुलीने पुढच्या खोलीत बसावं, असं कवळीवाल्यांना फार वाटे, त्यामागे हे कारण होतंच.

मुलगी हुशार निघाली. दातांची डॉक्टर व्हायला तिला परदेशात प्रवेश मिळाला. बँक कर्ज द्यायलाही तयार झाली, फक्त कवळीवाल्यांच्या कमाईकडे पाहून तिथल्या अधिकाऱ्याने मान हलवली. भक्कम उत्पन्नाचा एक जामीनदार आणा म्हणाला, तोही महिनाअखेरच्या आत, कारण त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. वर म्हणाला की तुमच्या ओळखी भरपूर असतील. त्या होत्याच. इतक्या बड्या लोकांच्या तोंडात बोटं घातलेला माणूस शहरात दुसरा नव्हता.

आधी बायकोने नातेवाइकांना विचारून घेतलं. बँकेचं नाव काढताच थोरल्या दिरांचा रक्तदाब वाढला. तिच्या बहिणीच्या यजमानांनी आनंदाने सही केली असती, पण ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्व कुठलं, ते मात्र दोन कप चहा संपला तरी कळलं नाही. तेव्हा बाहेरच्यांकडे शब्द टाकायचं काम कवळीवाल्यांवर आलं, आणि तिथेच घोडं अडलं.

कवळीवाले जन्माचे भिडस्त. दुकानदाराकडून उरलेले सुट्टे परत मागायचे म्हटलं तरी त्यांची दातखीळ बसे. लग्नाचंसुद्धा आपणच विचारलं होतं, असं त्यांची बायको सांगे आणि ते नाकारत नसत.

तरी ते सराफांकडे गेले. सवयीने हत्यारांची पिशवी हातात होती. पिशवी दिसताच सराफांनी दार लावून घेतलं आणि बोलायच्या आधी कवळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. डावीकडे टोचत होतं म्हणे. आता आली का पंचाईत? ज्या माणसाने विश्वासाने आपलं बोळकं उघडं करून दाखवलं, त्याच्याकडे त्याच बैठकीत सही मागायची, म्हणजे गुपित राखायची किंमत मागितल्यासारखंच झालं. कवळीवाल्यांनी मुकाट्याने कानस काढली, डावी बाजू घासली, पुसून दात परत दिले. सराफांनी ते बसवले, झकास हसले आणि काही काम होतं का म्हणून विचारलं.

"नाही, सहज आलो होतो," कवळीवाले म्हणाले.

घरी मात्र सांगितलं की विचार करून कळवतो म्हणालेत. मग वकिलांनी असाच विचार केला, मुख्याध्यापकांनीही केला. सगळ्यांत जास्त विचार छापखानेवाल्या बाईंनी केला, कारण त्यांच्याकडे कवळीवाले तीनदा गेले. कवळीवाल्यांच्या घरादाराची भिस्त या बाईंवरच होती. छापखाना स्वतःचा, कर वेळच्या वेळी भरलेला, बोलणं रोखठोक. ऐन तरुणपणी एका अपघातात त्यांचे दात गेले होते, आणि ही गोष्ट डॉक्टर, कवळीवाले आणि अर्थातच त्यांची बायको सोडून कुणालाच माहीत नव्हती. पण बाईंना काही टोचतही नव्हतं. मग पहिल्या वेळी कवळीवाल्यांनाच उजवीकडे जरा उंच वाटलं, दुसऱ्या वेळी डावीकडे, तिसऱ्या वेळी पुन्हा उजवीकडे. तिन्ही वेळा ते घासून घरी आले.

शेवटी भाजीच्या दुकानात वकील भेटले आणि त्यांनी इकडेतिकडे बघत, हळू आवाजात बायकोपाशी तोंड भरून स्तुती केली. तुमचे यजमान देवमाणूस आहेत, घरी येऊन दात नीट करून गेले, पैसे घेतले नाहीत की एक शब्द बोलले नाहीत. बायको घरी आली, भाजी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं की ही सगळी मंडळी नक्की कशाचा विचार करतायत.

कवळीवाले पिशवीकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

मुलगी कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "बाबा, लोक नाही म्हणाले असते तर मी समजले असते," ती म्हणाली. "पण त्यांच्या वतीने तुम्हीच नाही म्हणून आलात."

दुसऱ्या दिवशी दोघं बापलेक छापखान्यात गेली. मुलीने पिशवी घरीच ठेवायला लावली, बँकेचा कागद आणि पेन वडिलांच्या खिशात खुपसलं आणि ती बाहेर यंत्रापाशी थांबली. कवळीवाल्यांना पाहताच बाईंनी केबिनचं दार लावलं, दात काढले आणि त्यांच्या हातात दिले. दात सैल झाले होते.

हातात दात आणि जवळ कानस नाही. आयुष्यात पहिल्यांदा कवळीवाल्यांच्या हातांना काही काम उरलं नाही.

"बाई, दातांसाठी नाही आलो," ते म्हणाले. "मुलीला शिकायला परदेशी जायचंय. कर्जाला जामीनदार हवाय. तुम्ही राहाल का?"

दातांशिवाय बाई कुणापुढे कधी बोलत नसत. त्यांनी हात पुढे केला. कवळीवाल्यांनी त्यावर कवळी ठेवली. ती बाजूला टेबलावर ठेवून बाईंनी पुन्हा हात पुढे केला. कवळीवाल्यांना अर्थ कळायला जरा वेळ लागला, मग त्यांनी घाईघाईने कागद आणि पेन दिलं. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, बँकेच्या छपाईतल्या एका चुकीवर खूण केली, आणि सही केली. कवळीवाल्यांचे डोळे भरून आले.

मग बाईंनी दात बसवले.

"तीनदा आलात ते याच्यासाठी? धड बसत होते हो माझे दात. तुमच्या भिडेपायी घासून घासून सैल केलेत. काल गिऱ्हाइकापुढे हातात यायचे राहिले."

कवळीवाल्यांनी नवीन करून देतो म्हटलं.

"द्यालच. पण किंमत तुमच्या तोंडाने सांगायची. आत्ता."

हे सही मागण्यापेक्षाही कठीण होतं. त्यांनी घाम पुसला. दार किलकिलं करून मुलगी आत डोकावत होती. कवळीवाल्यांनी पूर्ण आकडा सांगितला. बाईंनी लगेच घासाघीस सुरू केली, पण मुलगी ऐकत होती, तेव्हा ते एक पैसाही खाली उतरले नाहीत.