अर्ध्यावर अडलेला काटा

मथुराला राग यायचा तो सावकाश यायचा, पण आला की ठाण मांडून बसायचा. या खेपेला तो मंगळवारपासून बसला होता.

मंगळवारी नवऱ्याला, अनिलला, डायलिसिसला न्यायचं होतं. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. जयगडच्या बंदरावर क्रेन चालवणारा माणूस, पण आता खुर्चीतून उठताना भिंत धरायचा. म्हणून तर पन्नाशीला टेकलेली मथुरा गाडी शिकली. हसणाऱ्या हसल्या. तिने देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

तर मंगळवारी जाकादेवी गाव मागे पडलं, गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर, टाकी मात्र ठणठणीत कोरडी. एका रिक्षावाल्याने पुढे नेलं, पण तोवर अनिलचं मशीन दुसऱ्याला लागलं होतं. संध्याकाळपर्यंत तो बाकावर धापा टाकत बसला आणि ती त्याच्या छातीवर हात फिरवत राहिली.

काटा पावसाळ्यापासून अडकलेला होता आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वाडीत गाडी ही एकच. कुणाला पाहुणी पोचवायची असे, कुणाला सिलिंडर आणायचा असे. मागायला कुणी लाजत नसे आणि अनिल कुणाला नाही म्हणत नसे. चावी परत देताना जो तो म्हणायचा, "पेट्रोल हाय हां, काटा अर्ध्यावर हाय." काट्याच्या आडून चांगली चांगली माणसं खोटं बोलायला शिकली होती. रविवारी तिने स्वतः पेट्रोल भरून ठेवलं होतं. सोमवारी अनिलचा चुलतभाऊ भागोजी, देवळाच्या कमिटीतला, "जयगडपर्यंत जाऊन येतो" म्हणून गाडी घेऊन गेला आणि अंधार पडल्यावर ठेवून गेला. तोही तेच म्हणाला.

गॅरेजवाला शिवा म्हणाला होता, "अख्खा सेट बदलायला लागेल काकू, कोल्हापूरहून मागवतो. तोवर अंदाजाने चालवा."

"अंदाज माझा आणि जीव ह्यांचा," मथुरा म्हणाली होती. आता शुक्रवारच्या फेरीआधी काटा चालू व्हायलाच हवा होता.

बुधवारी दुपारी तिने अनिलची खुर्ची पडवीत आणून ठेवली. "क्रेनला टाकी होती ना? मग सांगा, मी करते."

अनिल हसला, पण सांगू लागला. तिने मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं. त्याखाली टाकीचं तोंड, त्यावर वायरींचा प्लग. तो उपसून काट्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि चावी फिरवली. काटा सरसर वर चढून 'फुल'वर गेला.

"काटा धडधाकट आहे," अनिल म्हणाला. "दुखणं टाकीत आहे. आता बॅटरीची वायर काढ, मग टाकी उघड. चूल पेटवू नकोस."

चारी दारं उघडी टाकून तिने टाकीत बसवलेला पेट्रोल मोजायचा सांगाडा अलगद वर काढला. पेट्रोलवर तरंगणारा गोळा एका काडीच्या टोकाला असतो. तो खाली जातो तसा काटा उतरतो. त्या काडीच्या बिजागरीत गंज आणि गाळ गच्च बसला होता. जुन्या टूथब्रशने तिने तो खरवडला, फडक्याने पुसला. गोळा आपल्या वजनाने खाली पडेपर्यंत ती काडी वरखाली करत राहिली.

एवढ्यात तिन्हीसांजा झाल्या. गाडी तुळशीला खेटून उभी, टाकीचं तोंड उघडं. तिने मनातल्या मनात हात जोडले आणि दिवा लावणं पुढे ढकललं.

तेवढ्यात भागोजी आला. "काय हे वैनी, दिवेलागणीला तुळस काळोखात?"

"आधी ती विडी विझवा, भावोजी. टाकी उघडी आहे."

त्याने घाईघाईने विडी पायरीवर चिरडली. "उद्या गाडी लागेल. देवाचं काम हाय."

"सोमवारी पण देवाचंच होतं ना? जयगडचं?"

"मग? पालखीच्या सुताराला आणायला मंडणगडला काय मी मजा मारायला गेलेलो?"

सांगाडा टाकीत परत बसवून मथुराने स्क्रू आवळला. "मंडणगड. जयगडच्या कितीतरी पट लांब. आणि मला सांगितलंत, काटा अर्ध्यावर हाय."

"होताच की अर्ध्यावर."

"जाऊ दे गो," पडवीतून अनिल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या 'जाऊ दे'वर गाडी चालत नाही." ती भागोजीकडे वळली. "मी रोज देवापुढे बसते. आजाऱ्याचं पेट्रोल जाळून माझी पालखी सजवा, असं मला तरी तो कधी बोलला नाही. तुम्हाला बोलला असेल तर सांगा."

भागोजी लाल झाला. "घरच्या माणसावर पहारा बसवतेस? गावकीत विषय काढीन मी."

"काढा. मीही येते. ह्यांनाही घेऊन येते, बाकावर कसे बसले होते ते दाखवायला."

झाकण पक्कं बसवलं, वास उडून जाऊ दिला, मग तिने बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. काटा हलला, तांबड्या रेघेच्या जरा वर आला आणि तिथेच थांबला. मंगळवारी गाडी घरी आणायला कॅनने आणून ओतलेलं होतं तेवढंच. चावी तिने काढून कमरेला खोचली. "उद्या गाडी मिळणार नाही. शनिवारी लागली तर या. काटा दोघांनी बघू, आणून ठेवाल तेव्हाही दोघांनी बघू."

शनिवारी तो आला नाही. गावकीत विषयही निघाला नाही. बायका मात्र पाणंदीत म्हणायच्या, मथुरा फार हिशेबी झाली.

त्याआधी, शुक्रवारच्या फेरीला, जाकादेवीच्या पुढे अनिलची नजर रस्त्यावर नव्हतीच, काट्यावर होती. "उतरतोय गो," तो म्हणाला.

"उतरू दे," मथुरा म्हणाली आणि तिने गिअर बदलला. "चालतेय म्हणून उतरतोय."