चिंचेनं उजळलेलं नाणं

प्रदर्शनात मांडलेल्या खेळांवरच्या माझ्या स्मारक नाण्यांत हॉकीचं एकच नाणं लख्ख चमकत होतं. एका जुन्या संग्राहकांनी ते भिंगाखाली धरलं. "ताई, घासलंत? मातेरं केलंत की. काढून ठेवा, लोक हसतील."

घासलं आईनं. घरातली पहिली पदवी माझी. नोकरी लागल्यावर घेतलेलं हे पहिलं नाणं तिनं देव्हाऱ्यात ठेवलं आणि दर सणाला देवांबरोबर चिंचेनं उजळलं. जाणकारांना नाण्यावरचा काळपटपणा जपावासा वाटतो, त्यांनी जपावा. आमच्याकडे ज्याचा मान मोठा, त्याला आधी चिंच लागते.

"नाही काढणार, काका," मी म्हटलं. "आई उद्या बघायला येतेय. तुमची काळी नाणी तेवढी तिच्या नजरेला पडू देऊ नका, घासायलाच बसेल."